दरपत्रक मागताना कागदाचं वजन लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी छापखानेवाल्यांवर चांगलाच राग काढला होता. त्यांच्या मंडळाने स्मरणिकेसाठी तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. सगळ्यात महाग दर सगळ्यात स्वस्त दराच्या जवळजवळ दुप्पट निघाला. कमिटीने अर्थातच स्वस्तातला धरला. पुस्तकं आली तेव्हा एका बाजूचा मजकूर दुसऱ्या बाजूने वाचता येत होता, देवळाचा फोटो धुरकट होता आणि थोड्याच दिवसांत कव्हरं वळून वर आली. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की हे लोक गिऱ्हाइकाचं तोंड बघून दर सांगतात.

मी कुडाळला छापखाना चालवते. सासऱ्यांनी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर, सुरू केलेला. आता एकरंगी ऑफसेट आहे, डिझाइन मी करते, मशीन मिस्टर बघतात, आणि चार रंगांचं मोठं काम आलं तर ते कोल्हापूरहून छापून आणतो. त्या वाचकांचा राग मला समजतो. आमच्यात लबाड आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितेच. पण त्यांच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नव्हती. तिन्ही ठिकाणी मागणी नेमकी काय केली होती? मी अंदाज करू शकते, कारण आमच्याकडेही ती तशीच येते, बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर: ‘शंभर पानी स्मरणिका, हजार प्रती, कव्हर कलर, रेट कळवा.’ एवढ्या ओळीवर तीन छापखान्यांनी तीन वेगळ्या वस्तूंचे दर दिले असणार. मग तुलना कशाची केली?

‘शंभर पानं’ इथूनच घोळ सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर १ ते १०० आकडे असतात. कागद मोजणारा माणूस शंभर कागद, म्हणजे २०० पृष्ठं धरतो. एकाने असा धरला, दुसऱ्याने तसा, तर दर दुप्पट यायला लबाडीची गरजच नाही. त्यातून १०० हा आकडाही छपाईला गैरसोयीचा. पुस्तकाची पृष्ठं एकेक छापत नाहीत. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ अशी मांडून छापतात, मग घडी घालून कापतात. या १६ पृष्ठांच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. ९६ पृष्ठं म्हणजे बरोबर सहा फर्मे. १०० म्हणजे सहा फर्मे आणि वर चार पृष्ठांचं शेपूट, त्याला वेगळ्या प्लेटा, म्हणजे ज्यांवरून छपाई होते ते पत्रे, आणि वेगळं मशीन लावणं. ‘शुभेच्छांच्या जाहिराती जरा दाटीने बसवा आणि ९६ करा’ असं आम्ही सांगतो तेव्हा पैसे गिऱ्हाइकाचे वाचतात. समजूत मात्र अशी होते, की आम्ही काम टाळतोय.

आकाराचंही तसंच. सगळे ‘ए४’ म्हणतात. खरा ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. बाजारात सगळ्यात सहज मिळणारा छपाईचा कागद २३ बाय ३६ इंची. त्याची आठ पानं केली तर एक पान ९ बाय साडेअकरा इंचांचं पडतं आणि कडा कापून साधारण साडेआठ बाय अकरा उरतं. ए४ ची उंची ११.७ इंच, ती यात बसत नाही. त्यासाठी २५ बाय ३६ चा कागद घ्यावा लागतो, तो महाग पडतो आणि इकडे नेहमी मिळतोच असं नाही. पाऊण इंच उंची कमी चालणार असेल तर तसं सांगा, दर उतरेल. नसेल चालणार तर ‘ए४, कापून’ असं लिहा, म्हणजे कोणी साडेआठ बाय अकरा हातात ठेवून ‘हेच ए४’ म्हणणार नाही.

आता कागदाचं वजन. या पत्राचा सगळा जीव यात आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

कागद जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. आपलं वर्तमानपत्र ज्यावर छापलं जातं तो कागद साधारण ४२ ते ४९ जीएसएमच्या घरातला असतो. झेरॉक्सचा ७० ते ८०. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड अडीचशे-तीनशेच्या आसपास. स्मरणिकेच्या आतल्या पानांना ७० चा मॅप्लिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा, बिनचकचकीत कागद, ठीक. मागचं अजिबात दिसू नये असं वाटत असेल तर ८० किंवा ९०. आता ज्या मागणीत हा आकडाच नाही, तिला एकाने ७० धरून दर दिला आणि दुसऱ्याने ५८ धरून, तर दुसरा स्वस्त पडणारच. अशा पुस्तकाच्या बिलात कागद हाच मोठा खर्च. शाई त्यामानाने किरकोळ.

आणि हे कमिटीला घरच्या घरी तपासता येतं, कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही. ए० नावाचा मूळ कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो. तो मधोमध कापत गेलं की ए१, ए२, ए३ आणि चौथ्या कापणीला ए४. म्हणजे ए४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. ८० जीएसएमचा एक ए४ कागद ५ ग्रॅम भरतो आणि ५०० कागदांचं रीम अडीच किलो. याच हिशेबाने ९६ पृष्ठांची, म्हणजे ४८ पानांची ए४ स्मरणिका ७० जीएसएममध्ये असेल तर कव्हर सोडून आतली पानं २१० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. ६० चा कागद वापरला असेल तर १८०. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा हे लगेच दाखवतो. एका प्रतीला ३० ग्रॅम म्हणजे फार वाटत नाही, पण हजार प्रतींना तो ३० किलो कागद होतो. बिलात ७० लिहून ६० वापरणारे आमच्यात आहेत, आणि त्यांना चोर म्हणायला माझी अजिबात हरकत नाही. पण मागणीतच आकडा नव्हता, बिलातही नव्हता, तर तुम्ही त्याला कुठल्या तोंडाने विचारणार? त्याने दिलेल्या शब्दाप्रमाणेच काम केलंय. शब्दच दिलेला नव्हता.

काम मोठं असेल तर डमी मागा. त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची, कोरी बांधलेली प्रत. ती हातात घेऊन बघा, वजन करा, कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवा. चांगला छापखाना डमीला नाही म्हणत नाही.

‘कव्हर कलर’ या दोन शब्दांतही असंच बरंच राहून जातं. कव्हरला चार बाजू असतात: पुढची, तिच्या आतली, मागच्याच्या आतली आणि मागची. बाहेरच्या दोन बाजूंवर चार रंग आणि आत कोरं, याला आम्ही फोर प्लस झिरो म्हणतो. आत एका रंगात जाहिराती असतील तर फोर प्लस वन, आतही रंगीत असतील तर फोर प्लस फोर. मंडळं आतल्या कव्हरच्या जाहिराती रंगीत म्हणून जास्त पैशांना विकतात, दरपत्रक मात्र नुसतं ‘कव्हर कलर’ म्हणून मागतात. ज्याने फोर प्लस झिरो धरलं तो स्वस्त ठरतो. काम त्यालाच जातं. पुढे जाहिराती आल्या की तो म्हणतो, चार प्लेटा वाढल्या, आणि मग मीटिंगमध्ये भांडणं.

कव्हर वळलं ते लॅमिनेशनमुळे. कव्हरच्या बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकची पातळ फिल्म चढवतात, चकचकीत किंवा मॅट. ती बाजू हवेतलं पाणी घेत नाही, आतली उघडी बाजू घेते आणि फुगते, त्यामुळे कागद फिल्मच्या बाजूला वळतो. पुण्यात हे इतकं जाणवत नाही. आमच्याकडे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे कागदाचं काय होणार? त्याला उपाय जाड कव्हर, १७० च्या जागी २५० किंवा ३०० चं आर्ट कार्ड (गुळगुळीत लेपाचा जाड कागद), आणि घडीच्या जागी क्रीझिंग, म्हणजे आधी दाबून पाडलेली रेघ. तेही दरपत्रकात असतं किंवा नसतं.

पावसाचं आणखी एक सांगते, कारण बाहेरच्यांना ते खरं वाटत नाही. आमचं मशीन एकरंगी. चार रंगांचं छोटं काम त्यावर केलं तर तोच कागद चार वेळा चढतो: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. चारही ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत, याला रजिस्टर म्हणतात. सकाळी पहिला रंग काढला, दुपारी सर कोसळून गेली, संध्याकाळी दुसरा चढवला, तर मधल्या वेळात कागद पाणी पिऊन केसभर वाढलेला असतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. मग मधोमध रजिस्टर जुळवावं तर कडेला सरकतं. भिंगातून बघितलं तर चार रंगांचे बारीक ठिपके दिसतात. नीट बसले असले तर लहान लहान फुलं असावीत तसे गोल गोल. सरकले की प्रत्येक काळ्या रेषेला एका बाजूने लाल सावली लागते. अध्यक्षांच्या मिशीला ती पहिली लागते, आणि तिथेच सगळ्यांचं लक्ष जातं. म्हणून आम्ही कागदाची रिमं पॅकिंग न फोडता ठेवतो, लागतील तेवढीच काढतो, उरलेली लगेच पुन्हा गुंडाळतो. आणि नेमकी गणपतीची सगळी कामं, स्मरणिका, पत्रकं, वर्गणीची पावतीपुस्तकं, श्रावणात येतात. ज्येष्ठात सांगितलेल्या कामाला निदान कागद वेळेवर आणून मुरवायला सवड मिळते.

आता डिझाइन, कारण फोटो धुरकट आल्याचा दोष मला छापखान्यावर टाकता येणार नाही, निदान सगळा तरी.

फोटो छापायला एका इंचात ३०० ठिपक्यांचा माल लागतो, त्याला डीपीआय म्हणतात. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो लहान करतं. समजा तो १६०० पिक्सेल रुंद राहिला, तर छपाईत जेमतेम सव्वापाच इंच रुंद चांगला दिसेल. तोच फोटो पूर्ण पानभर ओढला की फुटतो. आणि पाठवणारा तो आधी कुणाच्या स्टेटसवरून घेतो, तिथून ग्रुपवर, ग्रुपवरून सेक्रेटरीकडे, सेक्रेटरीकडून माझ्याकडे. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं रक्त काढलेलं. ‘पण फ्लेक्सवर तर हाच फोटो दहा फुटी छान आला!’ असं हमखास ऐकवतात. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो, तिथे इंचाला ७२ ठिपके असले तरी डोळ्याला पुरतात. स्मरणिका माणूस नाकाजवळ धरतो. उपाय फुकट आहे. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मेल करा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने या, चहा मी पाजते.

रंगाची तक्रार याहून जास्त. ‘काय गो, ह्यो रंग असो कित्याक इलो? मोबायलार तर बरो दिसता!’ मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून तो रंग करतो. कागद उजेड फेकत नाही, त्यावरची शाई पडलेल्या उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. तारकर्लीच्या पाण्याचा तो चमकता हिरवा-निळा आणि हापूसच्या सालीचा पेटल्यासारखा केशरी चार शायांतून निघतच नाही, कुठल्याही मशीनवर. डिझाइन पहिल्यापासून सीएमवायके मध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबाने, केलं तर काय निघणार ते आधी कळतं. मोबाइलच्या अॅपवर आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन उजेडांत, केलेलं डिझाइन शेवटच्या क्षणी बदललं की रंग एकदम मळतो. शिवाय तीच शाई आर्ट पेपरवर वर बसते आणि मॅप्लिथोत मुरते, म्हणून कव्हरवरचा आणि आतल्या पानावरचा भगवा कधीच एकसारखा येत नाही. आंब्याच्या पेट्यांना रंग दर वर्षी तोच पाहिजे असेल तर चार रंगांच्या मिश्रणावर न विसंबता खास रंगाची शाई, पँटोनचा, म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीतला, नंबर देऊन, वेगळी घालावी लागते. ती पाचवी प्लेट, तिचे पैसे वेगळे. मोठे बागायतदार ते आनंदाने देतात. छोट्यांनी हट्ट धरू नये असं माझं मत.

देवनागरीचं दुखणं इंग्रजीत नसतं, म्हणून ते अॅपवाल्यांना आणि त्यांच्या तयार टेम्पलेटांना कळत नाही. गडद रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं काढायची फॅशन आहे. इंग्रजी अक्षर त्यात तरून जातं. आपली अक्षरं शिरोरेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे पसरलेली. चार शायांतली एक जरी केसभर सरकली की अनुस्वार आणि रफार आधी भरून जातात. एका पत्रकावर चिंतामणीचा अनुस्वार असा गेला होता, आणि उरलं ते वाचून म्हाताऱ्यांनी पत्रक परत केलं. ते बरोबरच होतं. बारीक मजकूर काळा ठेवा, आणि तोही चार रंग मिसळून केलेला काळा नको, एकट्या काळ्या शाईचा. पांढरीच अक्षरं पाहिजेत तर ठळक आणि निदान १० पॉइंटची घ्या.

फॉन्टचा प्रश्न तर निम्म्या जिल्ह्याचा असेल. श्रीलिपी या बिगर-युनिकोड फॉन्टमधला जुना मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की तिथे नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोड मजकूर काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. ‘हार्दिक’ मोडलेलं बघायचं तर कुठल्याही एसटी स्टँडवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. छपाईला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणारी रेषाचित्रं करून, पीडीएफ द्या, आणि सोबत साधा मजकूर वेगळा. एआयकडून चित्र करून आणणारे आता वाढलेत. त्या चित्रांतली देवनागरी लांबून देवनागरी वाटते, जवळून वाचायला गेलं तर कुठलीच भाषा नाही. अशा चित्रातलं अक्षर दुरुस्त होत नाही, पुसून नव्याने टाइप करावं लागतं.

बाळशास्त्री जांभेकर आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढला म्हणून दर वर्षी त्या दिवशी जिल्हाभर पत्रकार दिनाचे कार्यक्रम होतात, आणि त्याच्याही आधी, १५५६ मध्ये, देशातला पहिला छापखाना आमच्या शेजारी गोव्यात लागला होता. असा वारसा सांगणाऱ्या किनाऱ्यावर, पत्रकार दिनाच्याच निमंत्रणपत्रिकेत बाळशास्त्रींच्या नावातली जोडाक्षरं मोडलेली मी पाहिली आहेत. कुणाची ते लिहीत नाही.

ब्लीडचं थोडक्यात सांगते. रंग कागदाच्या कडेपर्यंत पाहिजे असेल तर डिझाइन प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर बाहेर वाढवलेलं हवं, कारण कटिंग मशीनखाली एका वेळी शेकडो कागद असतात आणि गठ्ठा थोडा हलतोच. वाढवलेलं नसेल तर कडेला पांढरी रेघ येते. त्याच कारणाने फोन नंबर कडेला चिकटवू नये, आत निदान ५ मिलिमीटर घ्यावा. लग्नपत्रिकांमध्ये मुलीच्या मामांचं नाव नेहमी कडेला असतं, का कोण जाणे.

स्मरणिकेचं सोडून एक विषय बचत गटांचा काढते, कारण तिथे नुकसान फुकट वाया गेलेल्या पुस्तकांपेक्षा मोठं होतं. आमसुलं, आगळ, फणसाचे गरे, काजू यांची लेबलं गटातल्या बायका हौसेने करून घेतात. एका गटाने बारकोड लाल रंगात करून आणला, कोकमाला शोभतो म्हणून. दुकानातला स्कॅनर लाल उजेडाने वाचतो. त्याला लाल रेषा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. रेषा काळ्या किंवा गडद निळ्या आणि मागे पांढरं, यात फॅशन करायची नाही. शाकाहाराचं हिरवं चिन्ह ‘डिझाइनला आड येतं’ म्हणून टिकलीएवढं बारीक करतात. लेबलाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तरी आतलं वर्तुळ निदान ३ मिलिमीटर आणि भोवतीचा चौकोन त्याच्या दुप्पट लागतो, असा नियम आहे. आणि सरबताची बाटली फ्रिजमधून काढली की तिला घाम फुटतो, साध्या कागदाचं स्टिकर त्यात विरघळतं. तिथे प्लॅस्टिकचं, पीपी स्टिकर घ्या. थोडं महाग जातं, पण बाटलीवर टिकतं. पाच हजार लेबलं छापून झाल्यावर हे कळलं की ती चुलीत घालायची पाळी येते. गटांना जॅम करायला शिकवतात, हिशेब लिहायला शिकवतात. बचत गटांचं काम बघणाऱ्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात अर्धा दिवस लेबलाचा घातला तर शिकवायला मी फुकट येईन, कुडाळ-मालवणात कुठेही.

आमच्या धंदेवाल्यांनाही दोन शब्द सुनावायचे आहेत. ‘स्मरणिका छपाई, हजार प्रती, एकूण रु. अमुक’ एवढ्यावर आपण दरपत्रक संपवतो. काही जण मुद्दाम. जीएसएम लिहिला की शेजारचा त्याहून हलका कागद धरून दर पाडेल ही भीती असते, आणि ती खरी आहे. पण मग गिऱ्हाईक फक्त शेवटचा आकडा बघतं म्हणून रडायचा हक्क आपल्याला नाही. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, मोबाइलवर पाठवून ‘ओके’ आलं की मशीन सुरू करणं हेही बंद करायला हवं. मोबाइलवर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. कागदावर काढून द्या, प्रत्येक पानावर सही घ्या, देणगीदारांच्या नावांची पानं दोघांकडून तपासून घ्या. प्लेट झाल्यावरची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, ते आधीच लिहा.

आणि प्रतींचा आकडा. १०० प्रतींचा दर विचारतात आणि हजाराच्या दराला दहाने भागून ‘एवढेच झाले पाहिजेत’ म्हणतात. ऑफसेटवर प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद हा खर्च एका प्रतीला तेवढाच आणि हजाराला तेवढाच. शंभर-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई करा, तिथे प्लेट नाही. आमच्याकडे ते मशीन नाही, तरी सांगते.

तर त्या वाचकांच्या मंडळाने आणि इतर कमिट्यांनीही, ग्रामपंचायतींनी, शाळांनी, पुढच्या खेपेला तिघांनाही एकच कागद पाठवावा. त्यावर असं असावं: ‘स्मरणिका. आकार ए४, कापून. आतली पृष्ठं ९६, ७० जीएसएम मॅप्लिथो, एक रंग. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, फोर प्लस फोर, बाहेरून मॅट लॅमिनेशन, क्रीझिंगसह. बांधणी परफेक्ट (नुसत्या गोंदाची), किंवा जुजबंदी असल्यास तिचा दर वेगळा. प्रती १०००. डमी आणि कागदावरची प्रूफं दोन वेळा. डिझाइन कोणाचं. जीएसटी धरून की सोडून. पोच कुठे आणि कधी.’ मग तिघांचे दर समोर ठेवा. फरक तेव्हाही राहील, पण आता जो फरक पडतो त्याच्या जवळपासही नसेल, आणि जो राहील त्याचं कारण त्या छापखान्याला तोंडावर विचारता येईल. जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून बांधणं, नुसत्या गोंदाच्या बांधणीपेक्षा महाग आणि हळू. पण गावच्या देवस्थानाचा इतिहास छापत असाल, नातवंडांनी उघडावा असं वाटत असेल, तर तीच घ्या. आमच्या हवेत नुसत्या गोंदाची पानं दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागतात.

या मागणीचा नमुना आपण जुलैच्या सुरुवातीला, मंडळांच्या बैठका सुरू होण्याआधी, चौकटीत छापावा अशी विनंती आहे. मजकूर युनिकोडमध्ये वेगळा पाठवते आहे.

कळावे,

आपली,
एक छापखानाचालक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग